जिप्सीच्या केबिनमध्ये एक्झॉस्टचा धूर: गळती कशी सापडली

घाटात डोकं दुखलं, मळमळलं की आपल्याकडे निदान तयार असतं: गाडी लागली. मग लिंबू हुंगायला द्यायचं, आवळा सुपारी तोंडात टाकायची आणि खिडकीशी बसवायचं. आमच्याकडेही तेच चालायचं. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासला किंवा पुढे बामणोलीला निघालो की मागे बसलेल्या मुलीला मळमळायचं आणि बायकोचं डोकं ठणकायला लागायचं. गाडी चालवणाऱ्या मला फारसं काही होत नसे. त्याच घाटातून माझ्या भावाच्या गाडीत बसून मुलगी बामणोलीपर्यंत गप्पा मारत गेली, तेव्हा संशय घाटावरून उठून गाडीवर आला.

गाडी म्हणजे जुनी पेट्रोल जिप्सी, मी सेकंडहँड घेतलेली. बॉडी लिफ्ट (बॉडी चेसिसपासून वर उचलणं), मोठे टायर, फायबरचा हार्डटॉप (टणक छत), बाजारातला हेडर (इंजिनमधून धूर बाहेर नेणारे पाइप) आणि त्याला जोडलेला फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर, हे सगळं आधीच्या मालकाने करून ठेवलं होतं. हेडर बसवताना धुरातले विषारी वायू कमी करणारा मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढून टाकला होता. या एकेका बदलाचा पुढे हिशोब लागत गेला, म्हणून यादी आधीच देतो.

गाडीत धुराचा वास येतो असं ओळखीच्या मिस्त्रींना सांगितलं तर ते म्हणाले, "साहेब, जुन्या जिप्सीला थोडा वास येणारच. पीयूसी पास आहे ना, मग कशाला काळजी करताय?" माणूस चांगला, हात तर फारच चांगला, पण हा मुद्दा मला पटेना. पीयूसीचं मशीन नळीच्या तोंडाशी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू टक्क्यांत मोजतं. अर्धा टक्का म्हणजे ५००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग). केबिनमध्ये आपल्याला काळजी करायची असते ती ३०–४० पीपीएमची. नळीतून काय बाहेर पडतं ते पीयूसी सांगतं, आत बसलेल्या पोरीच्या नाकात काय जातं ते सांगत नाही.

शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. आपल्याला येतो तो न जळलेल्या पेट्रोलचा आणि धुरातल्या बाकी घटकांचा. वास आला तर धूर आत येतोय हे नक्की, पण वास नाही म्हणून सगळं ठीक आहे असं मुळीच नाही. थोड्या वेळाने नाकही त्या वासाला सरावतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि मोकळ्या हवेत आल्यावरही त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. कासला पोचून तासभर फिरल्यावरही बायकोचं डोकं का उतरत नव्हतं, ते इथे कळलं.

शेजारच्या काकांनी कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर आणून दिला. "गाडीत बोटाला लावून बघ, आकडा खाली येतोय का ते." सुदैवाने आमच्या डॉक्टरांना आधी विचारलं. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजन चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखू शकत नाही, असं त्यांनी सांगितलं. माणूस गुदमरत असतानाही तो ९८ दाखवू शकतो. आता घरोघरी हे यंत्र आहे आणि त्यावर लोकांचा विश्वासही आहे, म्हणून हे ठळकपणे लिहितोय: या कामासाठी ऑक्सिमीटरवर विसंबू नका. खरं प्रमाण रक्ताच्या तपासणीतच कळतं.

मी कार्बन मोनॉक्साइडचा मीटर घेतला तो एक पीपीएमपासून आकडा दाखवणारा. घरात लावायचे अलार्म असतात, पण यूएल या अमेरिकी सुरक्षा संस्थेच्या प्रमाणाचा अलार्म ७० पीपीएमला वाजायला तासभर ते चार तास घेऊ शकतो. झोपलेल्या माणसाला मृत्यूपासून वाचवायला तो बनवलेला आहे, गळती शोधायला नाही. मीटर हातात येईपर्यंत आणि काम पूर्ण होईपर्यंत बायको-मुलीला गाडीत बसवायचं नाही, हे ठरवून टाकलं. चाचण्या सगळ्या उघड्या मैदानात किंवा मोकळ्या रस्त्यावर, सोबत एक मित्र, आणि आकडा ५० च्या वर गेला की लगेच काचा खाली.

पहिल्याच फेरीत मीटरने जे दाखवलं त्याने मी हादरलो. बाहेरच्या हवेत शून्य. काचा बंद, इंजिन आयडलला (उभ्या गाडीत नुसतं चालू), ब्लोअर चालू: ड्रायव्हरच्या पायाशी १८–२०. घाटात दुसऱ्या गिअरवर चढताना तीसच्या पुढे. हे पुढच्या सीटवर. मित्राने मीटर मागच्या सीटवर मुलीच्या डोक्याच्या उंचीला धरला आणि मी माझी खिडकी नेहमीसारखी चार बोटं उघडली, तर सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाला आकडा ५५ च्या पुढे सरकला. थांबलो, दारं उघडली. मी उघड्या खिडकीशी बसत होतो आणि सगळा धूर त्या दोघींच्या वाट्याला जात होता. ही गोष्ट मला आजही सहन होत नाही.

पण त्या आकड्यांत एक सुगावा होता. हळू चालताना आणि उभ्या गाडीत पुढे जास्त, वेगात मागे जास्त. म्हणजे एक गळती नव्हती, दोन होत्या. आणि प्रत्येक गळतीला दोन भोकं लागतात: एक, जिथून धूर एक्झॉस्टमधून सुटतो, आणि दुसरं, जिथून तो केबिनमध्ये शिरतो. ही दोन्ही ठिकाणं जवळजवळ असतातच असं नाही. बहुतेक जण जिथे वास येतो तिथेच शोधत बसतात. मी दोन्ही टोकांकडून शोधायचं ठरवलं.

सुटण्याची जागा आधी. सकाळी थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टिक-टिक आवाज यायचा आणि इंजिन तापलं की बंद व्हायचा. टॅपेटचा (इंजिनच्या व्हॉल्व्हजवळचा) आवाज असेल असं सगळे म्हणत, पण टॅपेटचा आवाज असा तापल्यावर सहसा पूर्ण जात नाही. हेडरचा फ्लँज (जोडणीची सपाट पट्टी) इंजिनच्या हेडला जिथे जुळतो तिथे सांध्यावर काजळीची बारीक रेघ होती. खात्रीसाठी इंजिन पूर्ण थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला लावली, तिचं तोंड ओलं फडकं गुंडाळून सायलेन्सरच्या टोकात बसवलं आणि स्प्रेच्या बाटलीतून साबणाचं पाणी एकेका सांध्यावर मारत गेलो. कुठल्याही घरी जमेल अशी ही तपासणी आहे आणि गॅरेजच्या लिफ्टखाली टॉर्च घेऊन तास घालवण्यापेक्षा शंभर पट बरी. फ्लँजच्या एका टोकाला बुडबुडे. हेडरचे चार पाइप जिथे एकत्र येतात तिथल्या वेल्डिंगला, वरच्या बाजूने, जिथे खालून कधीच दिसणार नाही, तिथे केसाएवढी चीर. तिथे तर फेसच आला.

कारणही तिथेच सापडलं. फ्लँजवर सरळ पट्टी ठेवली तर तो वाकलेला होता. पातळ पत्र्याचा फ्लँज तापून-निवून वाकतोच. वेल्डला चीर पडली कारण मागचा सगळा पाइप ताठ जोडलेला होता. इंजिन आपल्या माउंटिंगवर हलतं, सायलेन्सर चेसिसला टांगलेला असतो, आणि मधे बेलो, म्हणजे पाइपचा लवचीक तुकडा, नसेल तर तो सगळा हेलकावा सगळ्यात कमजोर वेल्डवर येतो.

या गळतीचा आणखी एक परिणाम मला माहीत नव्हता. एक्झॉस्टमधला दाब धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे त्या चिरेतून उलट बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला ती हवा दिसते, इसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो आणखी पेट्रोल सोडतो. म्हणजे गळतीमुळे धुरातला कार्बन मोनॉक्साइडच वाढत होता. ॲव्हरेज का पडलं होतं, त्याचंही उत्तर मिळालं.

एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये फ्लँज सरफेस ग्राइंडिंग करून सपाट केला. चीर घासून उघडून पुन्हा वेल्ड केली. पुढच्या पाइपमध्ये बेलो आणि नवीन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवला, टांगण्याचे कडक झालेले रबर बदलले. गॅस्केट नवीन. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क रेंचने (जोर मोजणाऱ्या पान्याने), टप्प्याटप्प्याने आवळले आणि गाडी तापून पुन्हा थंड झाल्यावर परत तपासले. मिस्त्री म्हणाले, "रेंच कशाला, हाताला कळतं." त्यांच्या हाताला कळत असेलही, पण या एका कामात मी ऐकलं नाही.

आता उभ्या गाडीत मीटर ३–४ वर आला. वेगात मात्र मागच्या सीटवर अजूनही वीसच्या आसपास. म्हणजे मागची गोष्ट वेगळीच होती.

जिप्सीची मागची बाजू सरळ भिंतीसारखी उभी असते. गाडी पुढे जाते तेव्हा या भिंतीमागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि हवा तिथे गोल फिरत राहते. सायलेन्सरचं टोक जर त्या पोकळीत उघडत असेल तर धूर मागे निघून न जाता दारापाशीच घुटमळतो. पुढची खिडकी थोडी उघडी असेल तर केबिनमधली हवा तिथून बाहेर ओढली जाते आणि भरपाईला मागच्या फटींतून धूर आत येतो. माझ्या गाडीचं फ्री-फ्लोचं टोक बंपरच्याही अलीकडे, फ्लोअरखालीच संपत होतं. मागच्या दारावर लोकरीचे तुकडे टेपने चिकटवले आणि मित्राने दुसऱ्या गाडीतून मोबाइलवर शूट केलं. ५०–६० च्या वेगाला धागे मागे उडायला हवेत असं वाटतं. खालचे धागे चक्क वर, काचेकडे उभे राहिले होते. सायलेन्सरवाल्याला तो व्हिडिओ दाखवला, तेव्हा पाइप किती लांब हवा यावर चर्चाच उरली नाही. टोक बॉडीच्या कडेबाहेर, बंपरच्याही मागे काढून घेतलं.

राहिली शिरण्याची भोकं. इथे बॉडी लिफ्टने बराच गोंधळ घातला होता. लिफ्टमध्ये बॉडी वर उचलली जाते, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा भाग) चेसिसबरोबर खालीच राहतात. दोन्ही लिव्हरचे रबर बूट ताणून कडेला फाटले होते आणि वरच्या मॅटखाली ते झाकले गेले होते. स्टिअरिंग शाफ्टचा ग्रोमेट (भोकात बसणारं रबरी कडं) जागेवरून सरकलेला. जादा लाइटांसाठी फायरवॉलला (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला) पाडलेल्या भोकांतून वायरी नुसत्याच ओवलेल्या. रात्री केबिनमध्ये मोठा टॉर्च लावून बॉनेट उघडलं तर फायरवॉलवर प्रकाशाचे ठिपके दिसले. जिथून उजेड बाहेर येतो तिथून धूर आत येतो.

मागचं दार सगळ्यात अवघड निघालं. दारावर टांगलेल्या मोठ्या स्टेपनीच्या वजनाने बिजागऱ्या खाली बसल्या होत्या, त्यामुळे वरच्या कोपऱ्यात रबर चौकटीला टेकतच नव्हतं. दहाची नोट दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. अडकली तर रबर दाबतंय. खाली सगळीकडे नोट घट्ट, वरच्या कोपऱ्यात अलगद बाहेर. मग काचा बंद करून ब्लोअर पूर्ण सोडला, बाहेरून सगळ्या कडांना साबणाचं पाणी मारलं. त्या कोपऱ्यात बुडबुडे आलेच, शिवाय टेललाइटच्या वायरीच्या भोकात आणि हार्डटॉप बॉडीला जिथे बसतो त्या सांध्यातही आले. हार्डटॉपचा सांधा माझ्या मनातही नव्हता.

नवीन रबर लावून प्रश्न सुटला नसता, कारण दारच तिरकं होतं. आधी बिजागऱ्यांच्या पिना आणि बुश बदलून दार सरळ केलं, स्टेपनी दारावरून काढून वेगळ्या स्विंग आर्मवर नेली, मग रबर. फायरवॉलला योग्य मापाचे ग्रोमेट आणि वर पीयू सीलंट. लिव्हरचे बूट नवीन. हार्डटॉपखालचा फोम काढून सलग रबरची पट्टी.

यानंतर त्याच रस्त्याने, त्याच ठिकाणी मीटर धरून पुन्हा मोजलं. आयडलला शून्य. घाटात पुढे शून्य-एक. वेगात मागच्या सीटवर, माझी खिडकी उघडी ठेवून, २. आठ तासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची घरातल्या हवेची मर्यादा १० मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण ९ पीपीएम आहे. त्याच्या आत आल्याशिवाय मी दोघींना बसवणार नव्हतो.

खर्चाबद्दल बरेच जण विचारतात. सगळ्यात महाग पडला कन्व्हर्टर, आणि मागच्या सीटवरचा उरलेला आकडा उतरवला तो पाइपच्या त्या वाढवलेल्या तुकड्याने आणि बिजागऱ्यांच्या पिनांनी. तरीही कन्व्हर्टर परत बसवायलाच हवा होता. तो काढलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या, गाडीतल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही श्वास घ्यायचा असतो. बॉडी लिफ्टही मी आता उतरवणार आहे.

मीटर आता मागच्या सीटच्या बाजूला, मुलीच्या डोक्याच्या उंचीला कायमचा बसवलाय. पसरणीच्या घाटात रविवारच्या गर्दीत गाड्यांच्या रांगेत अडकलो की तो ४–५ दाखवतो. काचा उघडून बाहेर धरला तरी तेवढाच. मग व्हेंटची झडप बंद करायची, आणि रांग सुटल्यावर आकडा परत खाली येतोय ना, ते बघायचं.