कोकणच्या सागरी मार्गावर सायकल: जेवणाचा आणि मुक्कामाचा हिशेब

दिघी ते मालवण सागरी मार्गाने सायकलवर जायचं ठरलं, तेव्हा मी आणि माझ्या मित्राने माणशी दिवसाला १२०० रुपये धरले. त्यातले ५०० खाण्याला, ७०० मुक्कामाला. पुढे मुक्कामाचा आकडा रोज बदलत गेला. खाण्याच्या आकड्याला मात्र आम्ही कात्री लावली नाही.

नकाशात हा रस्ता समुद्राला लागून सपाट वाटतो. प्रत्यक्षात दर खाडीला उतार आणि पलीकडे अंगावर येणारा चढ. सामानासकट पन्नास-साठ किलोमीटर मारले की भूक विलक्षण लागते. सकाळी घावन किंवा पोहे खाऊन निघायचं, वाटेत केळी, शेंगदाण्याचे लाडू, कोकम सरबत, आणि दुपारी पोटभर थाळी. माशांच्या थाळीचा दर माशावर ठरतो. पापलेट, सुरमई महाग. बांगडा किंवा मांदेली घेतली तर निम्म्यात भागतं आणि चवीला काही कमी पडत नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या मठात दुपारी खिचडीचा प्रसाद मिळतो. उन्हातून आल्यावर तो जेवलो आणि दानपेटीत मनापासून पैसे टाकले.

घरगुती खानावळीत मात्र आयत्या वेळी जेवण मिळेलच असं नाही, कारण तिथे माणसं मोजून रांधतात. केळशीत अंधार पडताना पोचलो आणि विचारलं, "काकू, दोघांचं जेवण होईल का?" "होईल की, पण दुपारी फोन केला असतात तर मासे आणून ठेवले असते. आता पिठलं-भात करते, चालेल?" चाललं, उत्तम चाललं! त्यानंतर दुपारच्या थांब्यावरूनच रात्रीच्या मुक्कामी फोन करायचा, हे ठरून गेलं.

मुक्कामाचा दर खोलीचा असतो, माणसाचा नाही. एकट्याने जाणाऱ्याला तेवढेच पैसे पडतात, म्हणून जोडीदार असणं ही सगळ्यात मोठी बचत. दुसरी गोष्ट वाराची. दिवेआगर, हर्णे-मुरुड, गणपतीपुळे इथे शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात आणि आठवड्यात हजाराला मिळणारी खोली दुपटीवर जाते. शनिवारची रात्र आडवाटेच्या गावात आणि गर्दीची ठिकाणं सोमवार ते गुरुवार, अशी आखणी केली की फरक लगेच दिसतो. देवस्थानांची भक्तनिवासं स्वच्छ आणि स्वस्त असतात, फक्त सायकल आत ठेवता येईल का हे आधी विचारा.

फेरीबोटीचं तिकीट किरकोळ, पण तिचा मुक्कामाशी थेट संबंध आहे. दाभोळहून धोपाव्याला बोटीने गेलं की चिपळूणवरून पडणारा मोठा वळसा वाचतो, म्हणजे जवळपास एका दिवसाचा खर्च. शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. ती हुकली तर खाडीच्या अलीकडेच मिळेल त्या दरात राहावं लागतं. रोख पैसे जवळ हवेतच, खाडीकाठी रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

मालवणात पोचलो तेव्हा मुक्कामाचे पैसे बरेच उरले होते. ते दोघांनी सुरमईच्या थाळीवर आनंदाने उडवले. परतीला कुडाळ स्टेशनवरून सायकल पार्सलने पाठवायचा खर्च पहिल्या दिवशीच वेगळा काढून ठेवला होता, त्याला हात लावला नाही.