ठराव क्रमांक 3

27 मार्चच्या दुपारी मी पीपीएचा, म्हणजे बँकेला पैसे द्यायला सांगणारा, कागद आणि इतिवृत्त घेऊन अध्यक्षताईंच्या वावरात गेलो. कांदा काढणी चालू होती. आमचा पट 58, म्हणून संयुक्त शाळा अनुदान 25,000 रुपये, आणि 31 तारखेच्या आत ते खर्ची पडायला हवं. बँकेत द्यायच्या कागदावर मुख्याध्यापक म्हणून माझी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष म्हणून ताईंची, अशा दोन सह्या लागतात. त्या आम्ही बांधावर, गोठ्यात, लग्नाच्या मांडवातही घेतो.

ताईंनी हात पुसले, पेन घेतलं आणि म्हणाल्या, “सर, ठराव वाचून दाखवा.” दोन वर्षांत पहिल्यांदाच.

मी वाचला. ठराव क्रमांक 3, वर्गखोल्यांना रंग देणे. सूचक म्हणून त्यांचंच नाव. सर्वानुमते मंजूर.

“रंगाचं मी कधी बोलले? मी म्हटलं होतं, पोरींच्या संडासाला आतून कडी नाही. ते कुठं लिहिलंय?”

“ताई, सूचक म्हणून कुणाचं तरी नाव लागतंच.” माझा आवाज चढला होता. चार दिवस उरले होते.

त्यांनी पेन परत दिलं आणि वाफ्यात जाऊन बसल्या.

संध्याकाळी शाळेत एकटाच बसून मी ते रजिस्टर पहिल्यापासून वाचलं. त्याचा मला अभिमान आहे. समास आखलेले, पानांना क्रमांक, प्रत्येक सभेची गणपूर्ती, मागील इतिवृत्त वाचून कायम केल्याची नोंद, कुठे खाडाखोड नाही. केंद्रप्रमुख ते इतर शाळांना नमुना म्हणून दाखवतात. दोन वर्षांत ताई 14 ठरावांच्या सूचक होत्या. त्यातला एकही त्यांनी मांडलेला मला आठवेना. सगळे मी घरून लिहून नेलेले. ऑगस्टच्या सभेत, ऐनवेळच्या विषयांत, एक ओळ सापडली: “इतर विषयांवर चर्चा झाली.” कडी त्या ओळीत होती.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात. आमच्याकडे तेवढ्या आहेत. तपासणीला येणारे साहेब तेवढंच मोजतात. सभेत कोण बोललं, हे मला आजवर एकाही अधिकाऱ्याने विचारलेलं नाही. सदस्य सचिव म्हणून लेखणी माझ्या हातात, त्यामुळे मीही स्वतःला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तातडीची सभा घेतली. 12 पैकी 9 जण आले. मी कोरं पान उघडून बसलो आणि ताईंना म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. पाचवीच्या दोन मुली दिवसभर शाळेत पाणी पीत नाहीत, हे मला त्या सभेत कळलं. मी त्यांचा वर्गशिक्षक आहे. अनुदानातली किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेसाठी असते. आमचे ते 2,500 मी दरवर्षी फिनाइल, खराटे आणि हँडवॉशच्या बिलांत बसवत आलो. कडी, बिजागरी आणि सुताराची मजुरी त्यात सहज मावली. रंग दोनच खोल्यांना द्यायचं ठरलं. ताईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली, मग सही केली.

आता सभेच्या आदल्या संध्याकाळी मी विषय विचारायला त्यांच्या घरी जातो. त्या चहा देतात, पण अजून जपूनच बोलतात.

ऑगस्टची ती ओळ पान 41 वर आहे. रजिस्टरमध्ये मागची नोंद बदलता येत नाही.