आम्ही म्हणजे कोण?

नव्या नोकरीच्या इंटरव्ह्यूची तीन महिने तयारी केली होती. रोज ऑफिस संपल्यावर दोन तास, शनिवार-रविवार जास्त. लीटकोडवरचे (कोडिंगच्या सरावाची साइट) दीडशेच्या वर प्रॉब्लेम झाले, ग्राफ आणि डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) परत पहिल्यापासून केलं (११ वर्षांच्या नोकरीत डीपी एकदाही लागलं नव्हतं, पण ते असो), सिस्टिम डिझाइनच्या दोन वह्या भरल्या. टेबलासमोरच्या भिंतीवर कागद चिकटवलेला, मेमरीतून वाचायला १०० नॅनोसेकंद, एकाच डेटा सेंटरमध्ये जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, दिवसाचे ८६,४०० सेकंद, असलं सगळं. घरातल्यांनाही पाठ झालं होतं ते.

एकाच दिवशी पाच राउंड होते, सगळे ऑनलाइन. सिनियर लेव्हलची पोझिशन.

पहिला राउंड कोडिंगचा, तो मस्त गेला. उत्तरावर बायनरी सर्च लावायचा टाइप होता (शोधायची रेंज दर वेळी अर्धी करत जायचं), मी मधला आकडा काढताना लो प्लस हाय भागिले दोन न करता लो मध्ये फरकाचा अर्धा मिळवला, आणि विचारलं नसताना सांगूनही टाकलं की बेरीज इंटिजरच्या मर्यादेबाहेर गेली की ती निगेटिव्ह होते, जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीतच हा बग कित्येक वर्षं बसला होता आणि ज्याने तो कोड लिहिला त्या जोशुआ ब्लॉकनेच २००६ मध्ये त्यावर जाहीर लिहिलं. समोरचा हसला. मला वाटलं, आज आपला दिवस आहे.

दुसरा सिस्टिम डिझाइनचा, रेट लिमिटर, म्हणजे एका युजरला ठराविक वेळात ठराविकच रिक्वेस्ट करू देणारी सिस्टिम. हा तर झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता. फिक्स्ड विंडो काउंटर घेतला, म्हणजे ठराविक वेळातल्या रिक्वेस्ट मोजायच्या, काउंट रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा डेटाबेस) ठेवला. त्याने विचारलं दोन सर्व्हरनी एकाच वेळी वाचून वाढवला तर? म्हटलं काउंट वाढवणारी इन्क्र कमांड ॲटॉमिक आहे, मध्ये दुसरं कोणी घुसत नाही. मग तो म्हणाला इन्क्र झालं आणि एक्सपायर (तो काउंट किती वेळाने पुसायचा ते) लावायच्या आधी प्रोसेस मेली तर? तर ती नोंद कायमची राहते आणि तो युजर कायमचा ब्लॉक, म्हणून दोन्ही एका लुआ स्क्रिप्टमध्ये, म्हणजे एकत्रच चालतात. शेवटी रेडिसच पडलं तर सगळ्यांना आत सोडायचं की सगळ्यांना अडवायचं यावर थोडी चर्चा झाली आणि वेळ संपली.

तिसरा राउंड म्हणजे तुमचा एखादा प्रोजेक्ट खोलात जाऊन सांगा. याची तयारी मी सगळ्यात कमी केली होती, कारण आपलंच काम, त्यात काय पाठ करायचं. एक जुना टीममेट माझे मॉक (सरावाचे इंटरव्ह्यू) घ्यायचा, तो एकदा म्हणाला होता, "अरे तू दुसऱ्यांच्या सिस्टिम छान सांगतोस, तुझी सांग की एकदा." मी म्हटलं ते होईल रे.

समोर एक बाई होत्या, शांत, वहीत पेनने लिहिणाऱ्या. मी माझी ठरलेली गोष्ट काढली, दोन वर्षांपूर्वीचा मोठा इन्सिडंट. बाहेरचा पेमेंट गेटवे स्लो झाला, आमची पेमेंट सर्व्हिस अडकली, तिच्यामागे ऑर्डर सर्व्हिस अडकली, आम्ही ऑन-कॉलवर बसून शोधलं, आम्ही कनेक्शन पूल (गेटवेशी एका वेळी किती कनेक्शन उघडी ठेवायची ती मर्यादा) ५० वरून २०० केला, सिस्टिम पूर्ववत झाली, आम्ही पोस्टमॉर्टेम (काय बिघडलं त्याचा रिपोर्ट) लिहिला. सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट, सगळं बरोबर जागच्या जागी. रेझ्युमेवर पण आहे हे.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आम्ही म्हणजे कोण?"

मी म्हटलं टीम. "पूल २०० करायचं कोणी ठरवलं?" मी. "२०० च का?" आता खरं उत्तर असं होतं की ५० कमी पडत होता म्हणून मोठा आकडा टाकला. तेच सांगितलं जरा सजवून. त्यांनी ते सजवलेलं बाजूला काढून वहीत फक्त "अंदाज" लिहिलं असणार, मला इथून दिसत नव्हतं पण पेन फार थोडं हललं.

"नेहमीच्या दिवशी सेकंदाला किती रिक्वेस्ट यायच्या?"

खूप लोड असायचा, असं उत्तर माझ्या तोंडून गेलं. ११ वर्षांचा माणूस, भिंतीवर नॅनोसेकंद लावून बसलेला, आणि स्वतःच्या सर्व्हिसला सेकंदाला किती रिक्वेस्ट येतात ते माहीत नाही. कान गरम झाले.

त्या चिडल्या वगैरे नाहीत. म्हणाल्या, "चला, काढू या ना." दिवसाच्या ऑर्डर मला माहीत होत्या कारण दर महिन्याच्या रिव्ह्यूत तो आकडा यायचा, साधारण ४ लाख. भागिले ८६,४००, म्हणजे सेकंदाला साडेचारच्या थोडं वर. पीकला दहापट धरू, ४६. मी मनात म्हटलं बस्स इतकंच? याला मी दोन वर्षं प्रचंड लोड म्हणत होतो?

"गेटवे एरवी किती वेळात उत्तर द्यायचा?" म्हटलं २०० मिलिसेकंद असेल. मग लिटलचा नियम, येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा वेळ म्हणजे एका वेळी आत किती जण. ४६ गुणिले ०.२, नऊ-दहा कनेक्शन. पूल ५०, म्हणजे ऐसपैस. "आणि स्लो झाल्यावर?" आमचा टाइमआउट २ सेकंदांचा (तेवढं थांबून कॉल सोडून द्यायचा), म्हणजे ४६ गुणिले २, ९२. पूल ५०. तुंबणारच. इथपर्यंत माझी गोष्ट बरोबर निघत होती, जरा जीव आला.

"५० कनेक्शन, प्रत्येक २ सेकंद अडकलेलं, तर गेटवेवर सेकंदाला किती कॉल जातायत?" पंचवीस. "२०० केल्यावर?"

शंभर.

मी बोलायचा थांबलो. जो गेटवे आधीच धापा टाकत होता त्याच्यावर मी चौपट भार टाकला होता आणि त्याला दोन वर्षं फिक्स म्हणत होतो. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त विचारलं, "रिट्राय होते का?"

होते. प्रत्येक कॉलला तीन प्रयत्न. "कुठल्या लेयरला?" आणि सांगता सांगता मलाच दिसायला लागलं, पेमेंट सर्व्हिसच्या क्लायंटमध्ये तीन, ऑर्डर सर्व्हिसमध्ये तीन, ॲपमध्ये तीन. प्रत्येक टीमने आपापल्या परीने सांभाळून घ्यायला घातलेले, कुणाचं काही चुकलं नाही, आणि गुणाकार २७. एका माणसाने एकदा बटण दाबलं की मागे सत्तावीस कॉल व्हायची सोय. बॅकऑफ नाही (दर प्रयत्नाआधी वाढत जाणारं थांबणं), जिटर नाही (त्या थांबण्यात थोडा रँडम फरक), वरच्या लेयरने वाट बघणं सोडलं तरी खालचा आपला प्रयत्न करतच बसलाय. पीकला धरलं तर ४६ गुणिले २७, सेकंदाला बाराशेच्या वर प्रयत्नांची मागणी, आणि दार पंचवीसचं. म्हणजे गेटवे पाच मिनिटांत सुधारला असता तरी आमची रांग हटली नसती. आयडेम्पोटन्सी की (तेच पेमेंट परत आलं तर ओळखायचा नंबर) होती म्हणून लोकांचे पैसे दोनदा कापले गेले नाहीत, तेवढं नशीब. आणि ती की टाकली होती दुसऱ्याच एकाने, मी नाही.

"मग सिस्टिम सुरळीत कशाने झाली?"

पूल वाढवून दीड तासाने झाली होती. तेव्हा रात्र झाली होती. मी म्हटलं, "बहुतेक ट्रॅफिक उतरला म्हणून." दोन वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं, ते पण इंटरव्ह्यूत, जिथे माणूस स्वतःची तारीफ करायला बसतो. पोस्टमॉर्टेममध्ये रूट कॉजच्या खाली आम्ही (हो, आम्हीच) एकच ओळ लिहिली होती, थर्ड पार्टी गेटवे स्लो.

गंमत म्हणजे उरलेली पंधरा मिनिटं त्या दिवसातली सगळ्यात चांगली गेली. रिट्राय एकाच लेयरला ठेवायचे, एकूण रिक्वेस्टच्या ठराविक टक्क्यांपेक्षा जास्त रिट्राय होऊच द्यायचे नाहीत, सर्किट ब्रेकर (समोरची सर्व्हिस आजारी दिसली की कॉल काही वेळ बंदच), डेडलाइन वरून खाली पाठवायची म्हणजे वरच्याने नाद सोडला की खालचाही थांबतो. यातलं एकेक मला पाठ होतं. दुसऱ्यांच्या सिस्टिमसाठी पाठ होतं.

चौथा-पाचवा राउंड कसा गेला ते नीट आठवतही नाही. मॅनेजरने काहीतरी टीममधल्या भांडणाबद्दल विचारलं, मी काहीतरी सांगितलं, तेवढं मात्र लक्षात आहे की प्रत्येक वाक्यात आम्ही आलं की मी अडखळून मी म्हणत होतो, आणि कधी कधी उलटं, मी म्हणून झाल्यावर वाटायचं की अरे हे तर खरंच आम्ही केलं होतं.

आठवड्याने ऑफर आली, सिनियरची नाही, एक पायरी खालची. रिक्रूटर म्हणाली कोडिंग आणि डिझाइन स्ट्राँग आहे, ओनरशिपमध्ये अजून थोडं पाहिजे. मी नाही म्हणालो, त्याची कारणं वेगळी आहेत.

आहे त्याच नोकरीत सोमवारी पहिलं काम केलं ते कॉन्फिग उघडलं. तिन्ही लेयरला तीन तसेच, पूल २०० तसाच. पीआर टाकला (कोडमधला बदल, टीमने तपासायला), पेमेंट सर्व्हिसमधले सोडून बाकीचे रिट्राय काढले, राहिले त्याला बॅकऑफ आणि जिटर लावला, डिस्क्रिप्शनमध्ये ते सगळं गणित लिहिलं, ४६, ९२, २५, १००, २७. जरा ऐटीतच लिहिलं.

तासाभरात टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीची कमेंट आली, "सर, हे २०० मिलिसेकंद कुठून घेतलेत?"

डॅशबोर्ड उघडला. ३४० होते.