तीन दिवसांचे दंडव्याज

एका पतसंस्थेच्या कर्जप्रणालीची देखभाल आमच्याकडे आहे. तिथल्या एका कर्जदाराने मार्चचा हप्ता 31 तारखेलाच भरला, तरी त्याच्या पावतीवर तीन दिवसांचे दंडव्याज लागले होते. रक्कम चाळीस रुपयांच्या आतली, पण ते गृहस्थ ती पावती घेऊन शाखेत तीनदा आले, आणि त्यांचेच बरोबर होते.

त्यांचे कर्ज 31 जानेवारी 2023 चे. जावा या प्रोग्रामिंग भाषेत त्या तारखेत एक महिना मिळवला की 28 फेब्रुवारी येते, ते योग्यच. परंतु आमचा कोड पुढची तारीख मूळ तारखेवरून न काढता आधीच्या हप्त्यावरून काढत असल्यामुळे फेब्रुवारीत 28 वर आलेला हप्ता पुन्हा कधीच 31 वर परतत नसे.

दुरुस्ती एका ओळीची होती. तरीही आधी ती चूक पकडणारी, नापास होणारी टेस्ट, म्हणजे कोडचे उत्तर बरोबर आहे का ते आपोआप तपासणारा छोटा कोड, लिहायची असे मी ठरवले आणि त्यातच अख्खा दिवस गेला. तारीख काढणारी मेथड (एक काम करणारा कोडचा तुकडा) चौदाशे ओळींच्या एका क्लासमध्ये, म्हणजे अशा तुकड्यांच्या गठ्ठ्यात होती. ती डेटाबेस उघडत होती, एसएमएस पाठवत होती आणि आजची तारीख परस्पर संगणकाच्या घड्याळातून घेत होती. टेस्ट लिहिताना होणारा त्रास ही डिझाइनविषयीची सर्वांत विश्वासार्ह तक्रार असते, आणि ‘टेस्ट नंतर लिहू’ म्हणणाऱ्यांच्या कानावर ती कधी पडतच नाही.

शेवटी ‘हप्तावेळापत्रक’ हा वेगळा क्लास काढला. त्याला फक्त मूळ तारीख आणि हप्त्यांची संख्या ठाऊक असते. दंडव्याजाचा हिशेब दुसरा क्लास करतो आणि ‘आज’ कोणता दिवस आहे हे त्याला बाहेरून दिलेला क्लॉक, म्हणजे टेस्टमध्ये हवी ती तारीख लावता येणारे घड्याळ, सांगतो. 2014 च्या जावा 8 पासून ही सोय आहे, आम्ही ती वापरली नव्हती एवढेच. 28 फेब्रुवारी, 31 मार्च, 30 एप्रिल अशा तारखा मागणारी टेस्ट आधी लाल, म्हणजे नापास झाली, मग हिरवी, म्हणजे पास.

नंतर सगळ्या टेस्ट चालवल्या, तेव्हा एक जुनी टेस्ट लाल झाली. तिच्यात 28 मार्च हेच बरोबर उत्तर म्हणून लिहिलेले होते. कोड आधी लिहून, त्याने दिलेले उत्तरच कोणीतरी अपेक्षित म्हणून उतरवले होते, आणि अशाच टेस्टच्या बळावर आमचा कव्हरेजचा (किती कोड टेस्टमधून चालून जातो त्याचा) आकडा दर बैठकीत कौतुकाने दाखवला जात होता. ती टेस्ट आणणाऱ्या बदलाचा रिव्ह्यू, म्हणजे मंजुरीआधीची तपासणी, मी केला होता. हिरवा रंग पाहून मी मंजुरी दिली. त्या तारखेसमोर कॅलेंडर धरून पाहिले नाही, हे अजून मनातून जात नाही.

त्या संध्याकाळी 29, 30 आणि 31 तारखांना वाटप झालेल्या सगळ्या कर्जांची यादी काढून आम्ही पतसंस्थेकडे पाठवली.