घासलेला कोपरा

सोमवार, रात्री

चिनूने रंध्याच्या पात्याचा कोपरा घासून ठेवलाय. करंगळीच्या नखाएवढा. "आत्या, बघ आतून काय निघालं!" बघितलं. छानच निघालं होतं. तेव्हापासून डोकं फिरलंय.

विचारलं नाही म्हणून राग आला म्हणावं, तर ते पुरतं खरं नाही. वाडा पाडताना तरी मला कुणी विचारलं होतं? नाशकातल्या तिवंध्यातला वाडा गेला, नक्षीचे खांब कुठल्याशा हॉटेलात उभे आहेत म्हणे. वाटणीत माझ्याकडे आला नानांचा रंधा, तोही इतर कुणाला नको होता म्हणून. आणि वहिनी त्या दिवशी जे बोलली ते... जाऊ दे.

राग त्या कोपऱ्याचा आहे. तो चमकतो आणि मला आवडतो. त्याच्यामुळे बाकीचं पातं गबाळं दिसायला लागलंय. काल दिसत नव्हतं.

दादा म्हणतो, सगळं घास, लाकडाला पॉलिश मार, हॉलमध्ये काचेत ठेवू. लाकडाला मी हात लावू देणार नाही. दर खंडेनवमीचं हळदकुंकू त्याच्या रेषांत मुरलंय, पॉलिश पेपर फिरला की त्याचा भुसा. पण लोखंडाचं काय? लाल गंज ओल धरून ठेवतो आणि खालचं खात राहतो. श्रावणात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, तिथे पातं काय टिकणार! आहे तसं ठेवते म्हणणं म्हणजे सावकाश घालवणंच.

घासावं तर शेफिल्डचा शिक्का आहे, आधीच निम्मा वाचता येतो. ग्राइंडरवर धरलं आणि तापून निळं पडलं की पाणी उतरलं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. शिवाय अशा जुन्या पात्यात पोलादाची पातळ पट्टी साध्या लोखंडावर ठोकून जोडलेली असते. चुकीच्या बाजूने घासून ती गेली तर उरतं नुसतं लोखंड, त्याला धार धरत नाही. पण धार हवीय कुणाला? मला साधा पाट तासता येत नाही. तरीही तो कोपरा आवडतो.

मघाशी रंधा उलटा करून दिव्याखाली धरला. तोंडापाशी शिसवीची पट्टी बसवलेली आहे, अंग बाभळीचं. तोंड झिजून रुंद झालं तेव्हा नानांनीच बसवली असणार. पाचर तर सरळसरळ नंतरची. पातं धार लावून लावून निम्म्यावर आलेलं. म्हणजे मी ज्या 'मूळ' रंध्यासाठी जीव काढतेय, तो नानांनी कधीच शिल्लक ठेवला नव्हता! एकटीच हसले. कुंकवाचं कौतुक त्यांना सांगायला गेले असते तर म्हणाले असते, आधी तो भुसा झाड.

तर असं. पात्याला शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि बारीक स्टील वूलने सुटणारा लाल गंज तेवढा काढायचा. खालचा काळा थर राहू द्यायचा, तो लोखंडाला खात नाही. शिक्क्याच्या वाटेला जायचं नाही. काम चिनूच करेल, माझ्यासमोर बसून, पॉलिश पेपर आधी माझ्याकडे जमा करून. दादाने काचेत आपले क्रिकेटचे कप ठेवावेत.

तेल घरात नाही. २०२७च्या कुंभासाठी रस्ते खणून ठेवलेत, रिक्षावाला मेन रोडला नाहीच म्हणणार. चिनूलाच सायकलवर पिटाळते.