तूप चालू, पोहे बंद

इंदुरात राहून सकाळचे पोहे सोडणारी म्हणून रामबागेत मी जरा बदनामच आहे. भेटेल तो विचारतो, "पोळी, भात, साखर सगळं बंद, मग कोलेस्टेरॉल वाढलं कसं?" काल तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळं नाही वाढलं हो. आधी ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 210, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 38 आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 118 होतं. मग चार महिने दिवसाला तीसेक ग्रॅम कर्बोदकांवर काढले: पनीर, अंडी, मलई, पालेभाजी आणि तिच्यावर पळीनं तूप. पाच किलो उतरले. नव्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड 90, एचडीएल 49. पेढे वाटावेत असे आकडे! आणि त्याच्याच खाली एलडीएल 176.

लॅबचं चुकलं असेल, या आशेनं मी वही काढली. एलडीएल बरेचदा मोजत नाहीत, गणितानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा. 1972 सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र आहे ते. ट्रायग्लिसराइड 400च्या वर गेलं की चालत नाही, पण माझं चाललं. 243मधून 49 गेले, 18 गेले, उरले 176. लॅब बरोबर.

पिष्ट आणि साखर कमी झाली की यकृत ट्रायग्लिसराइड कमी बनवतं, म्हणून तो आकडा झपाट्यानं उतरतो. एलडीएलचं मात्र वेगळं. ते रक्तातून उचलून घ्यायला यकृताच्या पेशींवर ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना 1985चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. संपृक्त चरबी भरपूर खाल्ली की या ग्राहकांचं काम मंदावतं, आणि तुपात निम्म्याहून जास्त तीच. पण सगळ्यांचं सारखं होत नाही. माझ्या जाऊबाई अंगानं भरलेल्या, ताट माझ्यासारखंच, त्यांचं एलडीएल जेमतेम हललं. मी मुळात सडपातळ, नुसतं पोट सुटलेलं; असं खाऊन एलडीएल उसळतं ते जास्त करून सडपातळ लोकांचंच.

"बाकीचे आकडे छान आहेत ना, मग एलडीएल कितीही असू दे," असं मोबाइलवर सांगणारे पुष्कळ भेटतात. मला नाही पटत. ज्यांच्या घराण्यातच एलडीएल जास्त असतं, त्यांना ऐन तारुण्यात हार्ट अटॅक येऊ शकतात. ते काही तूप पिऊन बसलेले नसतात.

डॉक्टरांशी बोलून पळीचा चमचा केला, शेंगदाणा तेल आणि अक्रोड आणले, वाटीभर मूगडाळ परत सुरू केली. तीन महिन्यांनी एलडीएल 129, ट्रायग्लिसराइड 104. अजून खाली यायला हवं, पण तूर्त गोळी नाही.

रविवारी अर्धी प्लेट पोहे घेते. ठेलेवाला वाफेवरच्या पातेल्यातून काढतो, जिरावन मसाला भुरभुरतो, आणि त्याचा हात शेवेकडे वळला की मी म्हणते, "बस, भैया." तो दर रविवारी तितकाच दुखावतो.