धुतलेलं खुराडं

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून सकाळी फोन आला, ‘डॉक्टरबाई, मुंगसानं कोंबडी फाडली, येता का?’ कोंबडीसाठी सहसा कुणी डॉक्टरला बोलावत नाही. गाय अडली, म्हैस चारा खाईना झाली की फोन येतात. कोंबडी मलूल दिसली तर ती मरायच्या आत कापतात. त्यातून आषाढ. मी पोचले तेव्हा शेजारचे काका पडवीत बसून तेच सांगत होते, ‘कशाला औषधपाणी? वाटण लावा नि रस्सा करा.’ पण कोंबडी आजींची होती, अस्सल गावठी, खुडूक बसली की सगळी अंडी उबवून उठणारी. रस्सा होणार नव्हता.

आजींनी तिला पदरात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. पदर बाजूला केला तर पंखांच्या मधून शेपटीपर्यंत कातडी उसवलेली, खालचं गुलाबी मांस उघडं. मार आदल्या दुपारचा. मुंगूस दिवसाढवळ्या येतं, त्यामुळे रात्री खुराड्याला कितीही घट्ट कडी घाला, त्याचा इथं उपयोग नसतो. जखम मोठी होती, पण मला तिची फारशी धास्ती वाटली नाही. पोट फाटलेलं नसेल तर कोंबडीची पाठ आश्चर्य वाटावं इतकी भरून येते. मला भीती होती माशांची. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माशी बसायला वेळ लागत नाही, आणि कडेच्या पिसांच्या बुडाशी किसलेल्या खोबऱ्यासारखे पांढरे पुंजके चिकटलेलेच होते. अंडी. अजून थोडा उशीर झाला असता तर आत किडे वळवळत असते.

सूनबाईंनी पाणी उकळून कोमट केलं. लिटरभर पाण्याला दीड चमचा मीठ. आजींनी कोंबडीच्या डोक्यावर टॉवेल टाकला. अंधार झाला की कोंबडी निमूट पडून राहते. मी कडेची पिसं कातरली, चिमट्यानं एकेक पुंजका काढला आणि बिनसुईच्या सिरिंजनं मिठाच्या पाण्याची धार मारत राहिले, पाणी नितळ येईपर्यंत. भुलीचं औषध पक्ष्यांना फार बेतानं द्यावं लागतं, म्हणून मासळीच्या ताणकाट्यावर तिचं वजन केलं. वरच्या बाजूला मोजके टाके घातले, शेपटीकडचा भाग मुद्दाम उघडा ठेवला. शिळी, घाण झालेली जखम पुरती शिवली तर आतल्या आत पू धरते. ‘शिव ना गं बाय सगळं,’ आजी म्हणत होत्या. त्यांना ते अर्धवट काम वाटलं असणार. वरून जांभळं औषध लावलं. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथंच चोची मारतात, अगदी हाड दिसेपर्यंत.

‘हिला डालग्याखाली वेगळी ठेवा, चुलीजवळ,’ असं सांगत होते तेवढ्यात नातू एक पिल्लू घेऊन आला. मेलेलं.

‘हे तिसरं,’ तो म्हणाला, जणू ही रोजचीच गोष्ट.

आजींचा चेहरा उतरला. ‘मानमोडी आली काय?’ मानमोडी म्हणजे राणीखेत. कोकणातल्या बाईला या शब्दाची जी दहशत आहे ती बिबट्याचीही नसेल. मी खुराडं बघायला गेले. जांभ्याच्या भिंती, दार नेमकं पावसाच्या झडीकडे, वर पागोळ्या. जमीन मात्र लख्ख. वाकून आत डोकं घातलं आणि शिटेच्या उग्र वासानं डोळे झोंबले. उभ्या माणसाला हा वास येत नाही. कोंबडीच्या उंचीवर यावं लागतं. कोपऱ्यात महिन्याभराची पिल्लं पंख पाडून, पिसं फुगवून उभी, आणि त्यांच्या शिटेत रक्त.

पडवीच्या पायरीवर मेलेलं पिल्लू उघडलं. नातू गुडघे दुमडून शेजारी बसला. आतड्याला शेवटी दोन आंधळ्या फांद्या फुटतात, त्या रक्तानं टम्म आणि काळपट झाल्या होत्या. मान पिळलेली नाही, हिरवी हगवण नाही, आणि मोठ्या कोंबड्या ठणठणीत. मानमोडी असती तर ती लहानमोठं बघत बसली नसती. ही रक्ती हगवण, कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीची. मोठ्यांना थोडी थोडी लागण होऊन प्रतिकार आलेला असतो, मरतात ती पिल्लं.

‘पण मी रोज फिनेल घालून धुते हो,’ सूनबाई म्हणाल्या. आवाज रडवेला. खरं होतं, इतकं स्वच्छ खुराडं मी त्या वाडीत दुसरं पाहिलं नव्हतं. गोम अशी की या परजीवीच्या अंड्यांना फिनेल काही करत नाही, उलट ओल आणि ऊब मिळाली की एकदोन दिवसांत ती लागण करण्याजोगी होतात. रोज धुतल्यानं आयती ओल मिळत होती. पावसाळ्यात खुराडं खरवडावं, धुऊ नये. हे कुणी सांगत नाही. सरकारी योजनेत पिल्लं वाटताना तरी सांगायला हवं.

मग काकाही उठले. सगळ्यांनी मिळून ओलं गोणपाट फेकलं, जमीन खरवडली, चुलीची राख पसरली, त्यावर भाताचं तूस चार बोटं. पोफळीच्या पट्ट्यांचा माळा केला, दारावर झावळ्यांचं झाप तिरकं बांधलं. पिल्लांना पाच दिवस पाण्यातून अँप्रोलियम. तेवढे दिवस जीवनसत्त्वाचं टॉनिक बंद, कारण हे औषध बी-१ ची नक्कल करूनच परजीवीला उपाशी मारतं. टॉनिक दिलं की त्याचंच फावतं. कोंबडीला प्रतिजैविक चालू होतं, म्हणून तिची अंडी मी सांगेपर्यंत खायची नाहीत, आणि रस्साही नाही, हे काकांकडे बघून सांगितलं.

त्यानंतर आणखी दोन पिल्लं गेली, बाकीची तगली. कोंबडीच्या पाठीवर काळी खपली धरली आणि कडेनं पिसांचे कोंब दिसायला लागले. डालग्याखाली मात्र ती राहीना. सूनबाईंचा फोन यायचा तो तिच्या ओरडण्याच्या तक्रारीचा.

राहिली मानमोडीची लस. तिची कुपी साधारण शंभर पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून एका घरासाठी फोडून परवडत नाही. पिल्लं सावरल्यावर सूनबाईंनीच घरोघर फिरून वाडीतल्या कोंबड्यांची यादी केली. दिवस रविवारचा ठरला, कोंबड्या सोडायच्या आधी, पहाटे. यादीत सगळ्यात जास्त पक्षी काकांचे होते.